गाळाचे पाच गोळे : सार्वजनिक तळ्याच्या धर्माविषयी

सार्वजनिक तळ्याचे रक्षण हा आरोग्याचा आणि व्यवस्थेचा प्रश्न आहे, हे सहज मान्य होते. परंतु तो धर्माचाही प्रश्न आहे काय, आणि असल्यास कोणत्या अर्थाने, याविषयी विचार फारसा स्पष्ट झालेला दिसत नाही. पाणी देवतास्वरूप आहे म्हणून ते राखले पाहिजे, असे एकीकडे म्हटले जाते, आणि पाण्याला देवता मानणाऱ्या समाजाचीच तळी निर्माल्याने, सांडपाण्याने व मूर्तींच्या अवशेषांनी भरलेली दुसरीकडे आढळतात. ही विसंगती केवळ आचरणातील ढिलाईमुळे निर्माण होते असे समजणे पुरेसे नाही, कारण तिच्या मुळाशी ‘पवित्र’ या शब्दाच्या अर्थाचा घोटाळा आहे. पावित्र्य हा पाण्याच्या अंगचा गुण आहे, की माणसांनी तळ्याशी राखलेल्या एका विशिष्ट संबंधाचे ते नाव आहे, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय असून, त्याची तपासणी मुख्यतः अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्याच्या अनुषंगाने केली आहे.

या जिल्ह्याची निवड सहेतुक आहे. पश्चिम टोकाच्या अकोले तालुक्यात सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाची झड लागते, आणि तेथून पूर्वेकडे थोड्याच अंतरावर पर्जन्यछायेचा, म्हणजे डोंगराआड राहिल्यामुळे पाऊस चुकणारा, प्रदेश सुरू होतो. पारनेर, नगर, कर्जत, जामखेड, पाथर्डी या तालुक्यांत पाणी धरून ठेवणे ही जगण्याची अट असल्याने अनेक काळांतल्या जलाशयांचे नमुने येथे शेजारी शेजारी पाहावयास मिळतात. हरिश्चंद्रगडावर मंदिरालगत सप्ततीर्थ ही कोनाड्यांची पुष्करणी आहे. निजामशाहीने अहमदनगर शहरात खापरी नळांच्या नहरींतून पाणी खेळवले आणि फराहबागेचा महाल जलाशयाच्या मधोमध उभारला. गावोगावी जुनी गावतळी आहेत. आणि १९७२ च्या दुष्काळात व त्यानंतर रोजगार हमीच्या कामांतून बांधलेले पाझर तलाव आहेत. पाझर तलाव याचा अर्थ, पाणी साठवून वापरण्यासाठी नव्हे, तर ते जमिनीत मुरून खालच्या अंगाच्या विहिरींना लागावे यासाठी ओढ्यावर घातलेला मातीचा बांध. यांपैकी अनेक पाणवठ्यांच्या काठी शेंदूर फासलेले साती आसरांचे दगड असतात. ‘आसरा’ हा शब्द ‘अप्सरा’ या शब्दावरून आलेला असून, या जलदेवतांच्या धाकाने लोक, विशेषतः मुले, खोल पाण्यापासून भर दुपारी दूर राहत. तळ्याभोवतीचा धर्म अशा रीतीने दगड, बांध, भय आणि श्रम यांनी मिळून बनलेला आहे, आणि त्याचा शास्त्रीय आधार शोधू गेल्यास ‘पूर्त’ या संकल्पनेपाशी यावे लागते.

धर्मशास्त्राने पुण्यकर्मांचे ‘इष्ट’ आणि ‘पूर्त’ असे दोन वर्ग केले आहेत. इष्ट म्हणजे यज्ञाशी निगडित कर्म, आणि पूर्त म्हणजे विहीर, बारव, तळे, देवालय, बाग, अन्नछत्र अशी लोकोपयोगी निर्मिती. या विभागणीत एक महत्त्वाचा भेद अनुस्यूत आहे. वैदिक इष्टकर्माचा अधिकार वर्णाने सीमित केलेला असताना, पूर्तकर्माचा अधिकार शूद्रालाही असल्याचे लिखितस्मृतीसारखे ग्रंथ स्पष्टपणे सांगतात. म्हणजे ज्या व्यवस्थेने वेदाचे दार बहुसंख्यांना बंद ठेवले, तिनेच तळे खोदण्याचे दार उघडे ठेवले. शिवाय ढासळलेल्या विहिरी व तळी पुन्हा उभी करणाऱ्यालाही पूर्ताचेच फळ मिळते, असे त्याच परंपरेत म्हटले आहे. निर्माता आणि दुरुस्ती करणारा यांना एका पंक्तीला बसवणारा हा विचार पुढील विवेचनात पुन्हा उपयोगी पडेल.

तळे खणून झाले म्हणजे पूर्तकर्म पुरे होत नाही. त्याचा ‘उत्सर्ग’ करावा लागतो. उत्सर्ग या शब्दाचा अर्थ सोडून देणे असा आहे. मूळच्या पैठणच्या आणि पुढे काशीत स्थिरावलेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठभट्टांनी सतराव्या शतकात आपल्या ‘भगवंतभास्कर’ या ग्रंथाचा एक स्वतंत्र भागच उत्सर्गाला दिला, आणि भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात दान व उत्सर्ग यांतील अंतर नेमके मांडले. दानात देणाऱ्याचे स्वामित्व संपते आणि घेणाऱ्याचे सुरू होते. वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात जाते. उत्सर्गात देणाऱ्याचे स्वामित्व संपते, पण दुसऱ्या कोणाचेही सुरू होत नाही, कारण ती वस्तू सर्व भूतांसाठी, म्हणजे सर्व जीवांसाठी, सोडलेली असते. दान दिलेल्या वस्तूचा उपभोग दात्याला वर्ज्य असतो. उत्सर्ग केलेल्या तळ्याचे पाणी मात्र तो पिऊ शकतो, परंतु मालक म्हणून नव्हे, तर सर्वांपैकी एक म्हणून. मत्स्यपुराणातील तडागविधीत सोन्याची कासव व मगर, चांदीचे मासा व पाणसाप आणि तांब्याचे खेकडा व बेडूक यांच्या प्रतिमा सांगितल्या आहेत. तळे हे केवळ पाण्याने भरलेला खड्डा नसून त्यात राहणाऱ्या जीवांचे घर आहे, आणि ज्यांच्यासाठी ते सोडले त्यांत माणसाबरोबर हे जीवही मोडतात, याची ती विधिरूप कबुली आहे.

हा जिल्हा आता ज्यांच्या नावाने ओळखला जातो त्या अहिल्यादेवी होळकर यांचा जन्म १७२५ मध्ये जामखेड तालुक्यातील चौंडी येथे झाला. काशीपासून रामेश्वरापर्यंत त्यांच्या नावाशी निगडित असलेले घाट, बारवा, विहिरी व धर्मशाळा पाहिल्या म्हणजे एका शेतकरी-धनगर पार्श्वभूमीच्या स्त्रीने पूर्तधर्माला केवढा विस्तार दिला हे ध्यानात येते. आणि ही कामे स्वतःच्या राज्याच्या सीमेबाहेर, ज्यांच्याकडून महसूल यावयाचा नाही अशा लोकांसाठी केलेली होती, ही गोष्ट तर उत्सर्गाच्या तत्त्वाचे उत्तम उदाहरण ठरते. हा विचार केवळ हिंदू परंपरेचा आहे असेही नाही. पाणी, चराऊ गवत आणि अग्नी या तिहींत सर्व माणसे भागीदार आहेत, अशी शिकवण इस्लामी परंपरेत पैगंबरांच्या नावाने चालत आलेली आहे, आणि विहीर किंवा पाणपोई ही माणसाच्या मृत्यूनंतरही चालू राहणारी धर्मादाय कृती मानली जाते. निजामशाहीच्या नहरी आणि अहिल्यादेवींच्या बारवा या दोन वेगळ्या राजवटींच्या खुणा असल्या, तरी पाणी कोणा एकाचे असू शकत नाही या जाणिवेपाशी दोन्ही परंपरा एकत्र येतात.

येथवरचे विवेचन सुखावणारे आहे; अडचण यापुढे सुरू होते. याज्ञवल्क्यस्मृतीत स्नानासंबंधी एक छोटा नियम आहे. दुसऱ्याच्या जलाशयात स्नान करावयाचे असेल, तर आधी त्यातून मातीचे पाच पिंड, म्हणजे गाळाचे पाच गोळे, बाहेर काढावेत आणि मगच स्नान करावे. परक्याच्या तळ्यात नाहणाऱ्याला तळे खणणाऱ्याच्या पापाचा अंश लागतो, असे मनुस्मृती म्हणते. त्या दोषाचा परिहार हा या नियमाचा धार्मिक हेतू असावा. परंतु हेतू काहीही असला, तरी परिणाम पाहण्यासारखा आहे. जो पाणी वापरतो त्याने वापरण्यापूर्वी तळ्याची थोडी खोली वाढवून द्यावयाची आहे. कर पैशात नाही, धान्यात नाही, तर ज्या वस्तूने तळे मरते नेमक्या त्याच वस्तूच्या मापात आहे. आणि तो भरण्यासाठी दोन हातांखेरीज काही लागत नसल्याने गरिबाला त्यातून सूट मागण्याचे कारण उरत नाही.

या नियमावर बाराव्या शतकाच्या आसपास कल्याणीच्या विज्ञानेश्वराने मिताक्षरा टीकेत जे भाष्य केले, त्यात एक अपवाद आहे. ‘परक्याचे पाणी’ म्हणजे सर्व जीवांच्या उद्देशाने न सोडलेले पाणी, असा अर्थ तो लावतो, आणि स्वतःच्या, परवानगी मिळालेल्या किंवा उत्सर्ग झालेल्या जलाशयात गाळ न काढताही स्नान करता येते, असे त्यातून निष्पन्न होते. तर्काच्या दृष्टीने हा अर्थ निर्दोष आहे, कारण जे सर्वांचे आहे ते कोणाचेही परके नाही आणि जेथे परकेपणा नाही तेथे दोषही नाही. तथापि सार्वजनिक तळ्याच्या इतिहासातील सारे दुखणे याच निर्दोष तर्काच्या पोटात दडलेले आहे. ज्या तळ्याला मालक आहे तेथे गाळ काढावयाचा, आणि जे सर्वांचे आहे तेथे मात्र काढण्याची गरज नाही, असे ठरल्यावर सर्वांचे तळे गाळाने भरून जाणार यात आश्चर्य नाही. उत्सर्गाने स्वामित्व सोडवले, पण त्याबरोबर कर्तव्यही सुटले. स्वामित्वावाचून कर्तव्य कसे टिकवावे, हा तळ्याच्या धर्मातील खरा प्रश्न आहे.

कर्तव्य सुटले म्हणजे तळ्याचे काय होते, हे जलशास्त्राच्या भाषेत सांगता येते. उघड्याबोडक्या माळावरून पावसाबरोबर वाहत येणारी माती तळाशी बसते, आणि तिच्यातील सर्वांत बारीक कण तळाच्या मुरमातील फटी बुजवतात. पाझर तलावाच्या बाबतीत हा बारीक गाळाचा थरच त्याचे पाझरणे रोखतो, मग वरून भरलेला दिसणारा तलाव उन्हाने आटत राहतो आणि खालच्या विहिरी कोरड्याच असतात. शेतातून येणारी खते, गोठ्यातील व घरातील सांडपाणी, साबण आणि कुजणारे निर्माल्य यांतून नत्र व स्फुरद पाण्यात मिसळतात. या पोषकद्रव्यांच्या अतिरेकाला अतिपोषण म्हणतात. त्याने शेवाळ व जलपर्णी माजते, ती मेल्यावर कुजताना पाण्यातील विरघळलेला प्राणवायू संपतो, आणि मासे गुदमरतात. मत्स्यपुराणातील विधीने ज्यांच्या प्रतिमा सांगितल्या ते जीव अशा तळ्यातून एकेक करून नाहीसे होतात, पण तळ्याच्या काठावरचा दगड शेंदराने माखलेलाच राहतो.

येथे पावित्र्याच्या अर्थाचा घोटाळा उघड होतो. शुद्धता आणि स्वच्छता या दोन वेगळ्या कल्पना आहेत. शुद्धता विधीने निर्माण होते, स्पर्शाने नष्ट होते आणि पुन्हा विधीने परत आणता येते. स्वच्छता मात्र पाण्यात प्रत्यक्ष काय मिसळले आहे यावर अवलंबून असते आणि कोणत्याही मंत्राने तिच्यात फरक पडत नाही. पाणी स्वभावतःच शुद्ध आहे असे एकदा मानले, की त्यात काहीही टाकले तरी ते अशुद्ध होत नाही, हा निष्कर्ष फारसा दूर राहत नाही. वस्तुतः मनुस्मृतीने पाण्यात मलमूत्र व थुंकी टाकण्याची मनाई केलेली आहे आणि तळे फोडणाऱ्यास कठोर दंड सांगितला आहे. म्हणजे परंपरेला स्वच्छतेची जाणीव नव्हती असे नाही, पण लोकव्यवहारात शुद्धतेच्या कल्पनेने तिच्यावर मात केली. गणेशमूर्तीचे विसर्जन हे याचे परिचित उदाहरण आहे. पार्थिव पूजेत मूर्ती मातीची असते आणि पूजेनंतर माती पाण्याच्या द्वारे मातीला मिळते, असा त्या विधीचा आशय आहे. प्लास्टर ऑफ पॅरिसची रासायनिक रंगांनी मढवलेली मूर्ती पाण्यात सहजी विरघळत नाही, तळाशी बसते, आणि विसर्जन या शब्दाला अभिप्रेत असलेली परतफेड मुळी घडतच नाही. अशा वेळी शाडूची मूर्ती, कृत्रिम हौद किंवा निर्माल्यकलश यांचा आग्रह धरणारा माणूस विधी मोडत नसून विधीचा अर्थ राखत असतो.

शुद्धतेच्या कल्पनेचा याहून गंभीर दोष महाडच्या चवदार तळ्याने दाखवून दिला. मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला होता आणि महाडच्या नगरपालिकेनेही त्यानुसार तळे खुले केले होते. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली हजारो लोकांनी त्या तळ्याचे पाणी प्रत्यक्ष घेतले तेव्हा त्यांच्यावर हल्ले झाले, आणि त्यानंतर गोमूत्र व शेण अंतर्भूत असलेल्या पंचगव्याच्या घागरी तळ्यात ओतून त्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. माणसाच्या ओंजळीने तळे बाटते आणि शेणाने ते शुद्ध होते, असे मानणाऱ्या धर्मबुद्धीने स्वच्छता आणि समता या दोहोंचा एकाच कृतीत भंग केला. गुरेढोरे ज्या तळ्यावर पाणी पीत होती तेथे माणसांना मज्जाव होता; सर्व भूतांसाठी सोडलेल्या पाण्याच्या तत्त्वाचा याहून स्पष्ट भंग संभवत नाही. तळ्यावरील बहिष्काराच्या बाजूने लढवलेला दावा पुढे जवळपास दहा वर्षे चालला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आंबेडकरांच्या बाजूने निर्णय दिला. धर्मशास्त्राच्या भाषेत मांडावयाचे तर, महाडला बाटवण्याचा नव्हे, तर अर्धवट राहिलेला उत्सर्ग पूर्ण करण्याचा विधी झाला. म्हणून तळ्याच्या रक्षणाचा कोणताही धार्मिक विचार चवदार तळ्याच्या कसोटीवर उतरला पाहिजे. पावित्र्याच्या नावाने एकाही माणसाला काठावर थांबवणारा विचार पर्यावरणाच्या दृष्टीने कितीही उपयुक्त भासला तरी तो त्याज्य आहे.

आता स्वामित्वावाचून कर्तव्याच्या प्रश्नाकडे परत येता येईल. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये असा सिद्धान्त मांडला, की सामाईक कुरणात प्रत्येकजण आपले आणखी एक जनावर घालत राहतो, कारण फायदा त्याचा एकट्याचा आणि तोटा सर्वांत वाटला जाणारा असतो, आणि शेवटी कुरण उजाड होते. त्यामुळे सामाईक साधनसंपत्ती एकतर खासगी करावी किंवा सरकारच्या ताब्यात द्यावी, असे त्यांचे म्हणणे होते. याउलट एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अनेक देशांतील उदाहरणे देऊन दाखवले, की वापरणाऱ्यांनी स्वतः केलेले नियम, त्यांच्यावर आपसांतली देखरेख आणि मोडल्यास चढत्या क्रमाने दंड असेल, तर सामाईक संपत्ती शतकानुशतके टिकते. याच कार्यासाठी त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. हार्डिन यांचे कुरण म्हणजे गाळाच्या गोळ्यांवाचून झालेला उत्सर्ग होय, आणि ऑस्ट्रॉम यांची गावे म्हणजे उत्सर्ग व पिंड यांचा मिताक्षरेने तोडलेला सांधा पुन्हा जुळवणारी गावे होत.

अहिल्यानगर जिल्ह्यात हा सांधा प्रत्यक्ष जुळवला गेल्याची उदाहरणे आहेत. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी येथे अण्णा हजारे यांनी १९७५ मध्ये सैन्यातून परतल्यावर कामाचा आरंभ यादवबाबांच्या मंदिराच्या जीर्णोद्धाराने केला, आणि मंदिरासाठी एकत्र आलेले हात पुढे नालाबांध, वृक्षलागवड व गळक्या पाझर तलावाची दुरुस्ती या कामांकडे वळले. देवालय आणि तळे ही दोन्ही पूर्ताचीच अंगे असल्याने या क्रमात शास्त्रदृष्ट्याही विसंगती नाही. नगर तालुक्यातील हिवरे बाजारने १९९० च्या सुमारास पोपटराव पवार यांच्याकडे सरपंचपद आल्यानंतर याहून एक पाऊल पुढे टाकले. आदर्श गाव योजनेच्या श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी आणि नसबंदी या पंचसूत्रीबरोबर या गावाने शेतीसाठी बोअरवेल घेण्यावर आणि ऊस, केळी यांसारख्या अधिक पाणी पिणाऱ्या पिकांवर बंदी घातली, आणि दरवर्षी पडलेला पाऊस मोजून, पाण्याचा ताळेबंद मांडून, आधी माणसांच्या व जनावरांच्या पिण्याचे पाणी राखून उरलेल्यात कोणती पिके घ्यावयाची हे ग्रामसभेत ठरवण्याची पद्धत रूढ केली. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीसारख्या गावांत, स्वित्झर्लंडहून येऊन या जिल्ह्यात आयुष्य वेचलेले येशूसंघीय धर्मगुरू हर्मन बाखर यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या पाणलोट कार्यातही श्रमदान आणि चराईबंदी या अटी होत्याच. श्रद्धा निरनिराळ्या असल्या तरी श्रमाचा गोळा सर्वत्र सारखाच दिसतो.

श्रमदानाला केवळ मजुरीची बचत न मानता धर्मकृत्य का मानावे, याचे एक तात्त्विक उत्तर विनोबा भावे यांनी दिलेले आहे. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये दिलेल्या आणि साने गुरुजींनी टिपून घेतलेल्या गीताप्रवचनांत त्यांनी यज्ञ, दान आणि तप यांची अनुक्रमे सृष्टी, समाज आणि शरीर यांच्याशी सांगड घातली. सृष्टीचा वापर केल्याने तिची जी झीज होते ती भरून काढणे म्हणजे यज्ञ, असा त्यांच्या मांडणीचा आशय आहे. हा अर्थ स्वीकारला, तर इष्ट आणि पूर्त यांतील जुनी भिंत कोसळते. तळ्यातला गाळ काढणे हे केवळ पूर्तकर्म राहत नाही, ते इष्टही होते, म्हणजे यज्ञच होते, आणि वर्णाने बंद केलेला यज्ञाचा अधिकार फावडे हाती धरणाऱ्या प्रत्येकाला आपोआप प्राप्त होतो. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील यज्ञचक्राचे विवरण ज्ञानेश्वरांनी याच जिल्ह्यातील नेवासे येथे, प्रवरेच्या काठी, १२९० मध्ये पूर्ण झालेल्या ग्रंथात केले, हे लक्षात घेतले म्हणजे चक्र फिरते ठेवण्याची कल्पना या मातीला नवी नाही हे कळते.

या दृष्टीने पाझर तलाव आणि प्लास्टिकचे अस्तर घातलेले शेततळे यांची तुलना उद्बोधक ठरते. पाझर तलावाची रचनाच अशी असते, की त्यात अडलेले पाणी बांधणाऱ्याच्या हाती राहत नाही. ते खडकाच्या भेगांतून दिसेनासे होते आणि कोणाच्या विहिरीला किती लागेल याचा नेमका हिशेब कोणालाच मांडता येत नाही. उत्सर्ग येथे विधीतून नव्हे, तर भूगर्भातून घडतो. अस्तराच्या शेततळ्यात याच्या उलट घडते. त्याचे अस्तर पाण्याचा एक थेंबही खाली जाऊ देत नाही, आणि जेथे असे तळे पावसाने न भरता विहिरीचे किंवा बोअरवेलचे पाणी उपसून भरले जाते, तेथे सर्वांच्या पायाखालचे पाणी वर काढून एकाच्या बांधाआड उन्हात ठेवले जाते. फळबाग वाचवू पाहणाऱ्या शेतकऱ्याला अधर्मी ठरवणे अन्यायाचे होईल, कारण त्याची विवंचना खरी आहे. परंतु शेततळे हे नाव तळ्याचे असले तरी त्यात पूर्ताचा अंश किती, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही.

या साऱ्या मांडणीवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की धर्माच्या आणि गावाच्या नावाने घातलेली बंधने व्यक्तीला चिरडू शकतात. हा आक्षेप काल्पनिक नाही. राळेगणसिद्धीत दारूबंदीसाठी दारुड्यांना खांबाला बांधून शिक्षा दिल्या गेल्या आणि त्या पद्धतीवर अभ्यासकांनी कठोर टीका केली. चराईबंदीचा पहिला भार ज्यांच्याकडे जमीन नसून चार शेळ्याच आहेत अशांवर पडतो, हेही खरे आहे. म्हणून बंधन आणि जुलूम यांतील भेद करण्यासाठी निकष हवा, आणि तो पाच गोळ्यांच्या नियमातच सापडतो. बंधन सर्वांवर सारखे असावे, ते घालणाऱ्यावरही असावे, आणि ते पाळणे दुबळ्याच्या आवाक्यातले असावे. बागायतदाराच्या उसावर बंदी न घालता शेळीवर बंदी घालणारे गाव या निकषावर नापास होते. उसावर बंदी घालून कुरणातले गवत सर्वांना विळ्याने कापून नेऊ देणारे गाव उत्तीर्ण होते.

दुसरा आक्षेप असा, की कायदा असताना धर्माची भाषा कशाला हवी. जमिनीच्या मालकाला तिच्याखालचे पाणी उपसण्याचा हक्क देणारी १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातील कल्पना आता एकटी उरलेली नाही. नैसर्गिक संपत्ती ही शासनाकडे जनतेसाठी विश्वस्त म्हणून असते, असे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मान्य केले. गावाची तळी ही समाजाची भौतिक संपत्ती असून ती राखलीच पाहिजेत, असे त्याच न्यायालयाने २००१ मध्ये सांगितले. आणि महाराष्ट्राने भूजलाच्या नियमनासाठी २००९ चा कायदा केला. या तरतुदी आवश्यक आहेत, आणि महाडचा अनुभव पाहता, गावाची धर्मबुद्धी जेथे चुकते तेथे न्यायालयाचाच आधार उरतो. परंतु विश्वस्ताची कल्पना आणि उत्सर्गाची कल्पना यांत फरक आहे. विश्वस्त दूर असतो आणि लाभधारक त्याच्याकडून अपेक्षा करतो. उत्सर्ग झालेल्या तळ्यावर लाभधारकापलीकडे दुसरा कोणी विश्वस्तच नसतो. तळे फोडणाऱ्याला कायदा दंड करू शकतो, पण ते गाळाने हळूहळू भरत असताना कोणा एकाला दोषी धरता येत नाही, कारण तेथे गुन्हा घडत नसतो, केवळ कर्तव्य घडत नसते. न घडलेल्या कर्तव्याची बोच लावणे हे काम कायद्याच्या आवाक्याबाहेरचे असून, तेवढ्यापुरती धर्माची भाषा अनाठायी ठरत नाही.

शेवटी मिताक्षरेने दिलेल्या सवलतीचा पुन्हा विचार करावा लागतो. परक्याच्या पाण्यातच गाळ काढावा, आपल्या किंवा सर्वांच्या पाण्यात तो काढण्याची गरज नाही, असे मानताना गाळ हा तळ्याचा आणि पर्यायाने तळे खणणाऱ्याचा आहे असे गृहीत धरलेले असते. परंतु गावतळ्यातील गाळ येतो कोठून, हे पाहिले म्हणजे ते गृहीतकृत्य टिकत नाही. कुऱ्हाडीने बोडक्या झालेल्या टेकडीची, अति चराईने उघड्या पडलेल्या गायरानाची आणि उताराला समांतर नांगरलेल्या वावराची माती पावसाबरोबर वाहत येऊन तेथे बसलेली असते. तोच गाळ उपसून शेतात पसरावा, म्हणजे तळ्याची खोली आणि शेताचा कस दोन्ही वाढतात, हे शेतकरी पूर्वीपासून जाणत आले आहेत, आणि महाराष्ट्र शासनाच्या २०१७ मधील ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या योजनेनेही तेच तत्त्व स्वीकारले. असे असेल, तर तळे जरी सर्वांचे असले, तरी त्याच्या तळाशी साचलेली माती प्रत्येकाची आपापली आहे. दुसऱ्याच्या पापाचा अंश आपल्याला लागू नये म्हणून पाच गोळे काढण्यास याज्ञवल्क्याने सांगितले होते. गावतळ्यात ते काढावयाचे, कारण त्या पाण्यात आपल्याच वावराची आणि आपल्याच हयगयीची माती उतरलेली आहे, आणि ती उचलून परत आपल्या बांधावर नेण्यावाचून तिची फेड होत नाही.